बेंजो शिकावा, पण कान राखून

मुखेड परिसरात ‘बेंजो’ म्हटले की डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. पुढे नाचणारी पोरे, मागे गाडीवर रचलेले ध्वनिक्षेपक आणि त्यांना खेटून उभा असलेला वादक. तो कोणाकडे शिकला, रात्री घरी गेल्यावर त्याच्या कानात काय वाजत राहते, याची चौकशी कोणी करत नाही. वरात संपते, पथक पुढच्या गावाला जाते.

आरोग्याच्या दृष्टीने या वाद्याकडे पाहिले तर दोन अगदी वेगळी चित्रे दिसतात. हळू आवाजात, चार माणसांत बसून, जुन्या चाली शिकण्यासाठी ते हाती घेतले, तर उतारवयातल्या मेंदूला आणि मनाला इतका स्वस्त व्यायाम क्वचितच मिळेल. तेच वाद्य दोन-तीन तास कर्ण्यातून वाजले, तर वाजवणाऱ्याचा कान ऐन तिशीत म्हातारा होऊ शकतो. पहिल्या चित्राचा विचार आपल्याकडे होत नाही आणि दुसऱ्याकडे काणाडोळा होतो. दोन्हींचा विचार एकत्र व्हायला हवा, कारण दोन्हींच्या मुळाशी कानच आहे.

नाव एक, वाद्ये दोन

मराठी मुलखात ज्याला बेंजो म्हणतात, तो खरे तर पाश्चात्त्य बँजो नव्हे. जपानमधल्या नगोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताईशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. लांबट पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा अशी त्याची रचना. डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. भारतात याच घडणीचे वाद्य ‘बुलबुल तरंग’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि महाराष्ट्रात त्याचा बेंजो झाला. कव्वाली, भीमगीते, गणपतीची मिरवणूक, वरात अशा सगळ्या ठिकाणी ते पोहोचले. पुढे त्याला पिकअप बसला, ते ध्वनिवर्धकाला जोडले गेले आणि ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये अशाच वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यातली मुख्य भूमिका लातूरच्या रितेश देशमुख यांनी केली.

पाश्चात्त्य बँजोची गोष्ट वेगळी आहे. गोल चौकटीवर चामडे ताणलेले आणि वर लांब दांडी असे ते वाद्य. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आहे. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी ते कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पुन्हा घडवले. एकोणिसाव्या शतकात ते समुद्र ओलांडून आयर्लंडला आले. तिथे विसाव्या शतकात चार तारांचा बँजो मँडोलिनपेक्षा एक सप्तक खाली लावून नाचाच्या जुन्या चाली वाजवण्याची रीत रुजली. ‘द डब्लिनर्स’ या गटातल्या बार्नी मॅकेना यांच्या वादनाने ती लोकप्रिय झाली. आज आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक संगीतात बँजो, मँडोलिन आणि गिटार ही घरचीच वाद्ये वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही बाहेरून आलेली आहेत. आपल्या भजनात हार्मोनियम आणि वरातीत बेंजो मुरला, तसेच ते झाले.

चाल कानातून कानात

या दोन दूरच्या मुलखांत एक साम्य मोलाचे आहे. दोन्हीकडे चाल कागदावरून कमी आणि कानातून अधिक शिकली जाते. आयरिश नाचाची चाल बहुधा दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. अशी ३२ आवर्तने मिनिटभराच्या आत संपतात, मग तीच चाल पुन्हा दोन-तीनदा फिरते. ‘जिग’ या प्रकारातली चाल तीन-तीनच्या गटांत चालते, आपल्या दादऱ्याच्या जवळची. ‘रील’ चार-चारच्या गटांत धावते, ती केरव्याची आठवण करून देते. नवशिका माणूस जुन्या वादकांच्या शेजारी बसतो, दोन फेऱ्या नुसत्या ऐकतो, तिसऱ्या फेरीला चार सूर पकडतो. पुढच्या आठवड्यात अजून चार. शिकागोचे पोलीस प्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १,८५० आयरिश चालींचा मोठा संग्रह छापला. ते मूळचे आयर्लंडचे आणि हौशी बासरीवादक. संग्रह छापला गेला तरी शेजारी बसून शिकण्याची रीत मोडली नाही.

मुखेड, कंधार, देगलूर, उदगीरकडच्या कोणत्याही सप्ताहात जाऊन बसावे, हेच दिसेल. पेटीवाला काळी चारचा सूर धरतो, टाळकरी भजनी ठेक्यात शिरतात, आणि नवा पोरगा मागच्या ओळीत बसून तोंडातल्या तोंडात चाल घोळवतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्याच्या हातातले तुणतुणे असेच शिकले जाते. वही नसते, स्वरलिपी नसते. कान तयार होतो आणि त्यामागून हात. बेंजो किंवा मँडोलिन शिकायचे तर ही रीत आपल्याकडे आयती तयार आहे. ओळखीची अभंगाची, गवळणीची किंवा भारुडाची चाल घेऊन तिथूनच सुरुवात करता येते.

मेंदू नेमके काय करतो

ऐकलेली चाल वाद्यावर काढताना मेंदूला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. ऐकलेला सूर थोडा वेळ लक्षात ठेवायचा, तो वाद्यावर कुठे आहे ते शोधायचे, डाव्या-उजव्या हाताचा मेळ बसवायचा, ठेका सोडायचा नाही आणि चूक झाली की कानाने ती पकडून पुढच्या फेरीत सुधारायची. ऐकण्याची, हालचालीची आणि स्मरणाची केंद्रे अशी एकत्र राबवणारी कामे रोजच्या जगण्यात फारशी नसतात.

या सरावाचा ठसा मेंदूवर उमटतो, हे दिसलेले आहे. १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नऊ तंतुवाद्यवादकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तार दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत जो भाग राखलेला असतो, तो या वादकांमध्ये इतरांपेक्षा मोठा आढळला. लहानपणी शिकू लागलेल्यांत हा फरक अधिक होता. मोठेपणी शिकणाऱ्याने त्यावरून नाउमेद होऊ नये. मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता वयाबरोबर मंदावते, पण संपत नाही. लकवा मारलेल्या माणसाचा हात व्यायामाने सुधारतो तो याच क्षमतेच्या बळावर.

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्याची स्मृती आतून ढासळू लागली आहे तो आधीच वाद्य बाजूला ठेवतो, हेही शक्य आहे. तरीही, कोणताही अपाय नसलेल्या गोष्टीच्या बाजूने एवढा पुरावा कमी नाही.

औषध समजू नये

इथे एक इशारा हवा. अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक धून लावली की साखर आटोक्यात येते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यांवर विसंबून गोळ्या बंद करणारी माणसे दवाखान्यात येतात, काही वेळा फार उशिरा. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये ३६ विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर एका विशिष्ट प्रकारच्या चाचणीत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले आणि तो परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावरून जगभर ‘मोझार्ट ऐकवा, मूल हुशार करा’ असा बाजार उभा राहिला. नंतरच्या तपासण्यांत त्या दाव्यात दम उरला नाही.

नुसते ऐकणे सुखाचे आहे आणि सुखालाही किंमत आहे. पण मेंदूचे खरे काम शिकण्याच्या धडपडीत होते. चाल अडते, हात चुकतो, पुन्हा करावे लागते, तिथेच व्यायाम असतो. म्हणून वाद्य शिकणे हे चालण्याच्या जोडीला ठेवावे, गोळीच्या जागी नाही. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे ठरल्याप्रमाणे घेतलीच पाहिजेत. हे दोन्ही आजार स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात.

मुखेडसारख्या तालुक्यात या सल्ल्याला एक वेगळे वजन आहे. जमीन डोंगराळ आणि कोरडी. तरुण माणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला, हैदराबादला जातात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. दिवस सरता सरत नाही, बोलायला कोणी नसते. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत एकटेपणा आहे, नैराश्य आहे आणि ऐकू कमी येणेही आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मंदिरात किंवा समाजमंदिरात चार वाद्ये घेऊन बसणारी मंडळी पहिल्या दोहोंवर थेट काम करतात. त्यात पुरुषांचीच मक्तेदारी असण्याचे कारण नाही. महिलांची भजनी मंडळे गावोगाव आहेत, मात्र त्यांच्या हाती बहुधा टाळच दिले जातात. बेंजोच्या कळा बाईच्या बोटांना काही वेगळे ओळखत नाहीत.

हाताला झेपेल ते वाद्य

साठीतल्या माणसाने कोणते वाद्य घ्यावे, याचे उत्तर त्याच्या हातावर ठरते. बेंजोला कळा असतात. तार थेट दाबावी लागत नाही, त्यामुळे बोटांची पेरे दुखणाऱ्यांना तो सर्वांत सोपा. एका सूरासाठी एक कळ, म्हणून ओळखीची चाल शोधणेही सोपे. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि दांडीवर पडदे असतात. बोट पडद्याच्या मागे नीट पडले की सूर जागेवर येतो, व्हायोलिनसारखा तो हुकत नाही. मात्र जोडीच्या पोलादी तारा सुरुवातीला बोटांना बोचतात. गिटारची दांडी रुंद आणि वाद्य मोठे. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना मऊ लागते.

पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतात, मग कातडी जाड होते. एवढे दुखणे चालेल. मनगटातून कोपराकडे जाणारी कळ, रात्री हाताला मुंग्या येणे, बोट वाकून अडकणे ही वेगळी लक्षणे आहेत आणि ती दाखवून घ्यावीत. मधुमेह असलेल्यांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. नमस्कारासारखे हात जोडावेत. दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील तर सांधे आखडू लागले आहेत. अशांनी वाजवण्याआधी हात कोमट पाण्यात शेकून घ्यावेत आणि डॉक्टरांना विचारावे. बोटांची संवेदना कमी असेल तर पोलादी तार टाळावी, कारण झालेली जखम कळत नाही.

सराव थोडा आणि रोज असावा. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बसणे फायद्याचे, कारण बोटांना शिकवलेली हालचाल रात्रीच्या झोपेत पक्की होते. चाल अर्धी-अर्धी ओळ घेऊन, आधी गुणगुणून, मग संथ लयीत काढावी. वेग आपोआप येतो.

कानाची किंमत

आता दुसरे चित्र. आपल्या आतल्या कानात आवाजाचे कंपन टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या जन्मतःच मिळतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठा आवाज त्यांना मारतो. किती आवाज किती वेळ सोसता येतो याचा हिशेब ठरलेला आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन तास, ९४ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. वरातीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ १०० डेसिबल सहज ओलांडले जातात आणि वादक तिथे दोन-तीन तास उभा असतो. लग्नसराईत दिवसाआड उभा असतो.

नुकसान गुपचूप होते. सुरुवातीला रात्री कानात शिट्टी वाजते, सकाळी बरे वाटते. आवाजाने येणारा बहिरेपणा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच आवाजांवर घाला घालतो. रोजच्या बोलण्यात तो लगेच लक्षात येत नाही. मग ‘स’, ‘फ’, ‘त’ अशी अक्षरे निसटू लागतात. माणूस सांगतो, “ऐकू येतं, पण काय म्हणाले ते कळत नाही.” घरचे म्हणतात, लक्ष देत नाही. आवाज कमी वाटतो म्हणून वादक वाद्याचा आवाज आणखी वाढवतो आणि उरलेला कानही घालवतो. या बहिरेपणावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. यंत्र लावून काम चालते, पण सुरांची बारकाई परत येत नाही.

बेंजो पार्टीत वाजवणारी बहुतेक मुले मजुरी करणाऱ्या घरांतली असतात. कारखान्यातल्या कामगाराला आवाजाने बहिरेपणा आला तर कायद्याच्या परिशिष्टात त्याची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. त्याच आवाजात उभा राहणारा वादक कोणत्याच हजेरीपटावर नसतो. सुपारी देणारा यजमान, गाडीचा मालक, परवानगी देणारी यंत्रणा, कोणालाही त्याच्या कानाची जबाबदारी वाटत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. त्यावर वाद होतो तो आजूबाजूला राहणाऱ्यांच्या त्रासावरून. आवाजाच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्या वादात येत नाही.

यावर मिरवणूक बंद करा असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. करायच्या गोष्टी साध्या आहेत. वादकाने ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर उभे राहू नये, मागे किंवा बाजूला, जमेल तितके लांब उभे राहावे. स्पंजाचे कानबोळे औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. ते नीट पिळून, कानाची पाळी वर ओढून आत बसवले तर आवाज बराच उतरतो आणि ठेका तरीही ऐकू येतो. कापसाच्या बोळ्याने हे होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वादकांनी आलटून पालटून शांत जागी जावे. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. यजमानाने सुपारी ठरवतानाच कानबोळ्यांचा आणि विश्रांतीचा विषय काढावा. परवानगी देणाऱ्यांनी आवाजाच्या अटीबरोबर वादकांच्या संरक्षणाची एक ओळ घालावी. एवढ्याने कोणाचे लग्न फिके पडणार नाही.

हे केवळ त्या मुलांच्या आरोग्यापुरते नाही. मुखेड परिसरात बेंजोवर हात बसलेले लोक कोण आहेत? हीच मुले. गावातल्या निवृत्त शिक्षकाला, एकट्या पडलेल्या आजीला किंवा शाळेतल्या पोराला वाद्य शिकवू शकणारे गुरू गावातच आहेत. लग्नसराई संपली की त्यांच्या हाताला काम नसते. ग्रामपंचायत, वाचनालय किंवा भजनी मंडळाने पावसाळ्याचे चार महिने त्यांना मानधन देऊन आठवड्याला दोन वर्ग चालवले, तर त्यांच्या घरात थोडी मिळकत येईल आणि गावातल्या म्हाताऱ्यांना काम मिळेल, बोलायला माणूस मिळेल. वाद्य ध्वनिवर्धकाला न जोडता वाजवायचे, एवढी एकच अट त्या वर्गाला घालावी.

तानसेन होता आले नाही तर कानसेन तरी व्हावे, असे आपल्याकडे म्हणतात. पारंपरिक चालींच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी कानसेन, मग बाकीचे. जी चाल लिहिलेली नाही ती ऐकणाऱ्याच्या कानातच जगते. आज पंचविशीत वाजवणाऱ्या पोराला पंचेचाळिशीत सूर नीट ऐकू आला नाही, तर तो ती पुढच्याला देणार कशी? येत्या लग्नसराईच्या सुपाऱ्या ठरतील, तेव्हा पैशाच्या बोलणीत कानबोळ्यांच्या एका जोडीचाही हिशेब धरावा.